आजचं चिंतन : अमानित्व आणि कागदावर राहून गेलेली एक नोंद



आपलं सध्या गीतेच्या तेराव्या अध्यायाचं वाचन चालू आहे. ज्ञान म्हणजे काय, हे सांगताना भगवंत ज्ञानी माणसाची लक्षणं एकेक करून मोजतात. त्या यादीत पहिला नंबर अमानित्वाचा. मान मिळावा ही इच्छाच मनात नसणं. माउलींनी या एका शब्दावर किती ओव्या खर्ची घातल्या आहेत, ते ज्ञानेश्वरी उघडून जरूर पाहा. त्यांचा अमानी माणूस कुणी कौतुक करायला लागलं की शिकाऱ्यानं कोंडलेल्या हरणासारखा कासावीस होतो. बृहस्पतीइतकं ज्ञान अंगी असलं तरी मोठेपणाच्या भीतीनं वेड पांघरून बसतो.

परवाच्या चिंतनावर एका ताईंनी विचारलं होतं, "दादा, टीममध्ये मी केलेल्या कामावर दुसऱ्याचं नाव लागलं. मी बोलू का? की बोलणं म्हणजे मानाची हाव?" प्रश्न साधा वाटतो, पण मला त्यावर पटकन उत्तर देता आलं नाही. आपल्यापैकी अनेक जण दोन्हीकडून अडकतात. बोललो तर अहंकार, गप्प बसलो तर आतून धुमसत राहणं. आणि धुमसत राहण्याला आपण वर वैराग्याचं लेबल लावतो, ते वेगळंच.

याचं उत्तर ऑफिसच्या उदाहरणातून शोधण्यापेक्षा एका म्हाताऱ्या सैनिकाच्या कागदातून शोधू. तिथे पगारवाढ नाही, प्रमोशन नाही, त्यामुळे प्रश्न अगदी उघडा दिसतो.

तुम्हाला माहीत आहे, मी काही वर्षं अमेरिकेत राहतो. आमच्या शेजारी नव्वदी ओलांडलेले एक गृहस्थ आहेत. माझी मुलगी त्यांना आजोबा म्हणते, म्हणून इथेही आजोबाच म्हणतो. विशीच्या आतबाहेर असताना ते कोरियाच्या युद्धात होते. १९५१ च्या शरद ऋतूत एका डोंगरावर तोफगोळ्याचे तुकडे त्यांच्या खांद्यात आणि मांडीत घुसले. मग जपानमधल्या लष्करी इस्पितळात काही आठवडे, मग पुन्हा तुकडीत, मग घरी. सैन्यातून सुटताना इथे प्रत्येकाला एक दाखला मिळतो. त्याचं नाव डीडी २१४. पेन्शन, घरासाठीचं कर्ज, दफनभूमीतली जागा, सगळ्यासाठी हाच कागद लागतो. आजोबांच्या दाखल्यात पदकांच्या रकान्यात कोरियात गेलेल्या सगळ्यांना मिळालेली पदकं आहेत, पण पर्पल हार्ट नाही. आणि जखमांच्या रकान्यात टाइप केलंय, 'काही नाही'.

सुटीच्या दिवशी रांगेत शेकडो पोरं उभी असतील, टाइपरायटरवर बसलेल्या कुणाला तरी घाई असेल. पोरांनाही घरी जायची घाई. आजोबांनी कागद वाचलासुद्धा नाही. घडी घालून ट्रंकेत टाकला.

त्यांच्या मुलीला तो कागद मागच्या वर्षी सापडला. ती साठीच्या पुढची बाई. तिनं लहानपणापासून वडिलांच्या खांद्यावरचा व्रण पाहिलेला. ती कागद घेऊन माझ्याकडे आली, कारण आमच्या गल्लीत फॉर्म, स्कॅन, पीडीएफ वगैरे असलं की लोक माझंच दार वाजवतात. दुरुस्तीचा अर्ज असतो, डीडी १४९. तो मी भरून दिला. सही मात्र आजोबांची लागणार होती, आणि आजोबा म्हणाले, "नको."

"मी परत आलो. जे आले नाहीत, त्यांच्यापुढे मी आता पदक मागू? या वयात?"

बघा, हे किती अमानित्व आहे. यात नाटक अजिबात नाही. हा माणूस कधी कुठल्या परेडला गेला नाही, गाडीवर सैनिकाचं स्टिकर लावलं नाही. मला मनातून वाटलं, आता यांना आग्रह करणारा मी कोण? यांना तर गीता न वाचता कळली आहे.

पण मुलगीही खोटं बोलत नव्हती. ती म्हणाली, "मला पदक नकोच आहे. त्या रकान्यात 'काही नाही' लिहिलंय ना, ते मला बघवत नाही. आईनं त्या खांद्याला आयुष्यभर तेल चोळलं."

इथे मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट आठवली. आम्ही डेटाबेस बनवतो तेव्हा नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवतो की 'नल' आणि 'शून्य' यांत गल्लत करायची नाही. रकाना रिकामा असणं म्हणजे 'आम्हाला माहीत नाही'. रकान्यात शून्य असणं म्हणजे 'आम्ही पाहिलं, आणि तिथे काही नव्हतं'. पहिलं अज्ञान आहे. दुसरं विधान आहे. आणि ते विधान चुकीचं असेल तर ते असत्य आहे, मग लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही असो वा नसो. 'जखमा : काही नाही' हे असत्य सरकारी शिक्क्यानिशी सत्तर वर्षं ट्रंकेत पडून होतं.

त्यात पर्पल हार्टची गोष्ट आणखी वेगळी. जॉर्ज वॉशिंग्टननं १७८२ मध्ये सुरू केलेलं एक जुनं सन्मानचिन्ह १९३२ मध्ये या नावानं पुन्हा सुरू झालं. शौर्याची पदकं मिळायला वरिष्ठाची शिफारस लागते. कुणीतरी ठरवावं लागतं की हा इतरांपेक्षा शूर. पर्पल हार्टला तशी शिफारस लागत नाही. शत्रूच्या कृतीनं जखम झाली, त्या जखमेवर सैन्याच्या वैद्यकीय माणसांनी उपचार केले, आणि त्याची नोंद आहे, एवढं सिद्ध झालं की तो हक्क. म्हणजे ते पदक कौतुक करत नाही, फक्त 'हे घडलं' असं सांगतं. स्तुती नाकारता येते. घडलेली गोष्ट नाकारणं याला अमानित्व म्हणत नाहीत.

आता यावर कुणी म्हणेल, आणि म्हणायलाच हवं, की दादा, हे शब्दांचे खेळ आहेत. घडलेली प्रत्येक गोष्ट कागदावर यायलाच हवी असा हट्ट कशाला? दुसऱ्या अध्यायात भगवंत सांगतात की तुझा अधिकार कर्मावर, फळावर नाही. आजोबांनी कर्म केलं. आता पदकाचं फळ मागणं म्हणजे मागे जाणंच की.

या आक्षेपाशी मी बरेच दिवस झुंजलो. शेवटी एक गोष्ट ध्यानात आली. तो उपदेश कुणाला केला आहे ते बघा. तो करणाऱ्याला केला आहे. देणाऱ्याला तो लागू करता येत नाही. आपल्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना महिनाअखेरीस आपण निष्काम कर्मयोग समजावून सांगतो का? तसं कुणी केलं तर आपण त्याला भामटा म्हणू. फळाची आशा सोडणं हे मावशींनी ठरवायचं. पगार वेळेवर देणं हे माझं कर्म, आणि तिथे सुटका नाही. तसंच सैनिकानं लढायचं, ते त्याचं कर्म. काय घडलं ते बरोबर टिपायचं, हे कचेरीचं कर्म. आजोबांचं कर्म १९५१ मध्ये पुरं झालं. टाइपरायटरवरचं कर्म मात्र अर्धवट राहिलं, ते आजही अर्धवटच आहे. दुरुस्तीचा अर्ज म्हणजे ते दुसऱ्याचं राहिलेलं कर्म त्याच्या हातून पुरं करून घेणं.

आणि जेव्हा देणाराच विसरतो, किंवा मुद्दाम विसरतो, तेव्हा काय होतं, याची उदाहरणं इतिहासात आहेत.

एप्रिल १९४५. इटलीत युद्धाचे शेवटचे आठवडे. ९ एप्रिलला सेनिओ नदीच्या काठी आपल्या मराठा रेजिमेंटचे शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना गोळीबारातून उचलून आणलं आणि मशीनगनच्या चौक्यांवर एकट्यानं हल्ला चढवला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्याच वर्षी. त्याआधी चारच दिवस, ५ एप्रिलला, त्याच इटलीत व्हियारेजिओजवळ व्हर्नन बेकर नावाच्या एका अमेरिकन लेफ्टनंटनं असाच पराक्रम केला. तो कृष्णवर्णीय होता. दुसऱ्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक कृष्णवर्णीय अमेरिकन सैन्यात होते, आणि मेडल ऑफ ऑनर हा सर्वोच्च सन्मान त्यांतल्या एकालाही मिळाला नव्हता. बेकर यांना एक पायरी खालचं पदक देण्यात आलं. पुढे सैन्यानंच जुन्या नोंदी तपासून घेतल्या आणि १३ जानेवारी १९९७ ला सात जणांना तो सन्मान दिला गेला. सातांपैकी त्या दिवशी हयात होते एकटे बेकर.

एकच देश, एकच आठवडा, आणि एकाची नोंद काही महिन्यांत, दुसऱ्याची ५२ वर्षांनी. ज्यांनी बेकर यांची नोंद खालच्या पायरीवर ठेवली, त्यांनी त्यांना विचारलं होतं का, की बाबा तू अमानी आहेस का? विरक्ती ज्याची त्यानं घ्यायची असते. दुसऱ्यानं ती लादली की तिला वंचना म्हणतात.

दुसरं उदाहरण मेरी वॉकर यांचं. अमेरिकेच्या यादवी युद्धात त्या शल्यविशारद होत्या, शत्रूच्या कैदेतही राहिल्या. १८६५ मध्ये त्यांना मेडल ऑफ ऑनर मिळालं. १९१७ मध्ये निकष बदलून ९११ नावं यादीतून काढली गेली, त्यात यांचंही. पदक परत करायला त्यांनी साफ नकार दिला आणि १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते छातीवर लावून फिरल्या. १९७७ मध्ये सैन्याच्या नोंद-दुरुस्ती मंडळानं शिफारस केली आणि त्यांचं नाव पुन्हा यादीत आलं. माउलींच्या मोजमापात त्या कदाचित अमानी ठरणार नाहीत. पण मला विचाराल तर त्याच श्लोकात थोडं पुढे आर्जव नावाचं लक्षण आहे. आर्जव म्हणजे सरळपणा. आत एक, बाहेर एक असं न ठेवणं. मेरी वॉकर यांनी ते लक्षण पुरेपूर जपलं.

आणि अमानित्वाच्या लगेच पुढचं लक्षण आहे अदंभित्व. नसलेलं मिरवू नये. न मिळालेली पदकं लावून फिरणारे लोक इथेही निघतात. २०१३ मध्ये तर कायदाच झाला, की पैसा किंवा फायदा उकळण्यासाठी असा खोटा दावा करणं हा गुन्हा. म्हणजे नोंद दोन बाजूंनी बिघडू शकते. जास्त दाखवलं तर दंभ. कमी दाखवलं तर? त्याला आपण चटकन नम्रता म्हणून मोकळे होतो. पण तराजू खाली झुकला काय नि वर गेला काय, खोटा तो खोटाच.

आता ही दुरुस्ती होते कशी, तेही सांगतो, कारण त्यात मला फार शिकायला मिळालं. १९४६ पर्यंत अशा दुरुस्तीसाठी अमेरिकेच्या संसदेत त्या एका माणसापुरतं विधेयक आणावं लागायचं. मग नागरिकांची मंडळं नेमली गेली. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा असतो, पण न्यायाच्या दृष्टीनं योग्य वाटलं तर मंडळ ही मुदत माफ करू शकतं. पुरावा मात्र अर्जदारानं द्यायचा. आणि पुरावा मिळणं अवघड, कारण १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसजवळच्या अभिलेखागाराला मोठी आग लागली. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून सुटलेल्यांच्या फायलींपैकी जवळपास ८० टक्के गेल्या. दुसरी प्रत नव्हती. कसल्या फायली जळाल्या याची यादीसुद्धा नव्हती. बॅकअप नसलेली सिस्टिम कशी असते, हे आम्ही ट्रेनिंगमध्ये सांगतो. पण इथे प्रत्येक फाइल म्हणजे एक माणूस होता.

मग लोक शोधतात कुठे? कंपनीच्या रोजच्या हजेरीत, म्हणजे कोण हजर, कोण इस्पितळात. पगाराच्या पावत्यांत. घरी पाठवलेल्या पत्रांत. आणि एक विलक्षण गोष्ट. सैन्याच्या वैद्यकीय विभागानं महायुद्धातले आणि १९५० ते १९५४ या काळातले इस्पितळ-प्रवेश आकडेवारीसाठी सांकेतिक अंकांत उतरवून ठेवले होते. त्या संगणकीय टेप १९८८ मध्ये पुढे आल्या. त्यांत माणसांची नावं नाहीत, नुसते सेवाक्रमांक. ज्यांनी तो डेटा भरला, त्यांना कुणाचा सन्मान करायचा नव्हता, फक्त मोजायचं होतं. पण त्यांनी आपलं काम नीट केलं, आणि चाळीस वर्षांनी त्यातून लोकांच्या जखमा सिद्ध झाल्या. कर्मयोगाचं याहून चांगलं उदाहरण मला आयटीत तरी दिसलेलं नाही.

आता आजोबांकडे परत येऊ. त्यांची सही अडलेली होती. तेवढ्यात त्यांच्या मुलीला एक पत्र आलं. आजोबांच्या तुकडीत एक मेडिक होता, म्हणजे रणांगणावर मलमपट्टी करणारा. तो केव्हाच वारला. त्याच्या मुलानंही वडिलांच्या नोंदीसाठी अर्ज केला होता, आणि त्याला प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार हवा होता. झालं होतं असं, की आजोबांच्या खांद्याला पट्टी बांधत असताना दुसरा गोळा पडला आणि तो मेडिक जखमी झाला. त्याच्याही कागदावर काहीच नव्हतं.

त्या दिवशी आजोबा दोन तास बोलले. मी टाइप करत होतो. डोंगराचा उतार, पावसाचा चिखल, मेडिकच्या हातातली कात्री कुठे पडली, सगळं. एकही विशेषण नाही. साक्ष लिहून झाल्यावर मुलगी हळूच म्हणाली, "डॅड, तुम्ही लिहिलंय की तो तुमच्या जखमेवर पट्टी बांधत होता. पण सरकारी कागद म्हणतो तुम्हाला जखमच झाली नव्हती. मग तुमच्या साक्षीवर विश्वास कोण ठेवणार?"

आजोबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पेन दे."

मंडळी, या एका क्षणावर मी महिनाभर विचार करतो आहे. स्वतःसाठी मागायला जो हात उठत नव्हता, तो मित्रासाठी उठला. आणि मित्राचं खरं ठरायला आधी स्वतःचं खरं ठरावं लागलं. माझी नोंद ही माझी एकट्याची कधीच नसते. माझ्या नोंदीला दुसऱ्या कुणाची तरी नोंद टेकलेली असते. मी माझा मान सोडू शकतो. पण मी माझं सत्य सोडलं, तर त्यावर उभं असलेलं दुसऱ्याचं सत्यही कोसळतं. मग ते अमानित्व राहत नाही. साक्षीदारानं साक्षीला न येणं, एवढंच ते उरतं.

सुंदरकांडातले हनुमंत आठवा. तुलसीदासांच्या रामायणात लंकेहून परत आल्यावर हनुमंतांनी केलेलं काम रामरायांना कोण सांगतं? जांबवंत सांगतात. हनुमंत तर सगळं श्रेय प्रभूंच्या कृपेला देऊन मोकळे. अमानित्व हनुमंतांचं, सांगणं जांबवंतांचं. दोघंही आपापला धर्म पाळताहेत. पण समजा जांबवंतच म्हणाले असते, "जाऊ द्या, हनुमंताला कुठे मानाची हौस आहे," तर? तो जांबवंतांचा आळस ठरला असता, आणि हनुमंतांच्या विरक्तीआड तो लपला असता. आपण ऑफिसात, घरात असं किती वेळा करतो! आईला कौतुक आवडत नाही म्हणून कधी केलंच नाही. तो ज्युनिअर शांत आहे, त्याला काय फरक पडतो.

शिवाय एक लक्षात घ्या. गीतेचा पहिला अध्याय आपण घाईत उरकतो. का? तर त्यात नावंच नावं आहेत. चेकितान, पुरुजित, उत्तमौजा. कुणाचा शंख कुठला, तेही सांगितलंय. पुढे आत्मा आणि परमात्म्याबद्दल बोलणारा ग्रंथ सुरुवातीला हजेरीपत्रक का वाचतो? मला वाटतं, देह नश्वर आहे हे सांगायच्या आधी तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक देहाला नावानं हाक मारणं व्यासांना गरजेचं वाटलं असेल. आपल्याकडे गावोगावी वीरगळ उभे आहेत. खालच्या कप्प्यात लढाई, वर स्वर्गारोहण, त्याच्यावर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. बहुतेकांवर अक्षरं नाहीत. आज गावकरी त्याला शेंदूर लावतात, पण हा कोण, कशासाठी मेला, हे कुणालाच सांगता येत नाही. मान भरपूर मिळाला, नोंद मात्र गेली. मान आणि नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या वीरगळांनी पटवलं.

आजोबांनी सही करताना एक अट घातली. पदक आलंच तर समारंभ नको. पेटी ड्रॉवरमध्ये ठेवायची, कागद फाइलला लावायचा. मला वाटतं हेच खरं अमानित्व, आणि पहिल्या 'नको'पेक्षा हे मोठं. पहिल्या वेळी त्यांच्या हातात सोडण्यासारखं काहीच नव्हतं. जे हातात आहे तेच सोडता येतं. सत्य सरळ मांडायचं, आणि त्याच्यासोबत येणारी टाळी शांतपणे बाजूला ठेवायची.

इथली दुरुस्तीची पद्धतही मला फार आवडली. मंजुरी मिळाली की सहसा जुना दाखला फाडत नाहीत. डीडी २१५ नावाचा दुसरा कागद त्याला जोडतात, त्यात लिहितात की अमुक रकान्यात तमुक वाचावं. चूक दिसत राहते, आणि तिच्या शेजारी सत्यही. आजोबांचं उत्तर अजून आलेलं नाही. वेळ लागेल. त्या मेडिकच्या मुलाचंही आलेलं नाही.

तर ताई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. बोलायच्या आधी स्वतःला एक विचारा. समजा नोंद बरोबर झाली, पण कुणीच टाळी वाजवली नाही, मेलमध्ये तुमचं कौतुक आलं नाही, तरी चालेल का? चालेल असं आतून उत्तर आलं, तर निःशंक बोला. तुम्ही मान मागत नाही, सत्य मागताय. चालणार नाही असं आलं, तरीही नोंद दुरुस्त करायला हरकत नाही, फक्त टाळीच्या भुकेवर वेगळं नामस्मरण करा. आणि तुमच्या कामावर आणखी कुणाचं काम टेकलेलं असेल, तर गप्प बसण्याचा पर्याय तुमच्याकडे नाहीच.

आजचा अभ्यास. आपल्या ओळखीतला असा एक माणूस शोधा जो स्वतःबद्दल कधी बोलत नाही. घरातला, ऑफिसातला, सोसायटीतला. त्यानं केलेलं एक काम, विशेषणं न लावता, जिथे लिहायला हवं तिथे आज लिहा. त्याला कळवलंच पाहिजे असं नाही. अमानी राहणं हा त्याचा अभ्यास. आपला अभ्यास जांबवंतांचा.

उद्या अदंभित्व घेऊ.

राम कृष्ण हरी.